मायचा घास

बाबा गावं बघत नसत, ते गावं 'करत' असत. सॅन अँटोनियो केलं, गॅल्व्हस्टन केलं, ऑस्टिन तर अर्ध्या दिवसात उरकलं. त्यांच्या आजोबांनी म्हणे काशी-रामेश्वर केलं होतं, तो वारसा असावा. फरक इतकाच, की आजोबा पायी गेले होते आणि बाबांकडे चॉकलेटी रंगाची जुनी मिनीव्हॅन होती. निघायच्या आधी आठवडाभर ते नकाशे छापून घ्यायचे आणि एका पिवळ्या कागदावर यादी करायचे: पॉइंट, पोचायची वेळ, निघायची वेळ. महाबळेश्वरला असतात तसे पॉइंट अख्ख्या अमेरिकेत पसरलेले आहेत अशी त्यांची ठाम समजूत होती. गाडी थांबली की आम्ही उतरायचं, कठड्यापाशी ओळीने उभं राहायचं, फोटो काढायचा आणि परत गाडीत. गॅल्व्हस्टनच्या समुद्रावर मी एकदा पाच मिनिटं जास्त मागितली, तेव्हा ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "मंजू, समुद्र सगळीकडे सारखाच असतो. पुढचा पॉइंट वेगळा आहे." मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि बाबांचं काहीच मला पटत नव्हतं. आज माझी मुलं मला म्हणतात की मी म्युझियममध्ये फार भरभर चालते.

पॉइंट बाबांचे, तर पोट आईच्या ताब्यात. तिचं एक निळ्या झाकणाचं प्लास्टिकचं खोकं होतं आणि ते गाडीत चढल्याशिवाय प्रवास सुरू होत नसे. त्यात विजेची शेगडी, लहान कुकर, मिसळणाचा डबा, तांदूळ, मुगाची डाळ, दाण्याची चटणी, दशम्या, दोन-तीन दिवस पुरतील इतक्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि जाडी शेव. आई मूळची जळगावकडची. शेव, काळा मसाला आणि उकळतं पाणी एवढ्यावर ती जगाच्या पाठीवर कुठेही चार माणसं जेवू घालू शकायची. मोटेलच्या खोलीत शिरल्या शिरल्या आमच्या कामांची वाटणी ठरलेली असे. मी ओला टॉवेल दाराच्या फटीला लावायचा, म्हणजे फोडणीचा वास बाहेरच्या पॅसेजमध्ये जाणार नाही. माझी धाकटी बहीण ईशा हिने बाथरूमचा पंखा सुरू करायचा. बाबांनी धुराच्या अलार्मखाली उभं राहून वर्तमानपत्राने वारा घालायचा, आणि कुकरची शिट्टी व्हायच्या बेताला आली की टीव्हीचा आवाज वाढवायचा. वरणभाताच्या तीन शिट्ट्यांपायी आम्ही किती बेसबॉल ऐकलं असेल त्याला गणती नाही.

बाहेरचं आई खातच नसे असं नाही. ह्यूस्टनच्या आमच्या घरून पश्चिमेला निघालं की वाटेत एका गावात चेक लोकांची जुनी बेकरी लागायची, तिथे कोलाचे मिळायचे; मऊ गोड पाव आणि त्याच्या खळग्यात पीचचा नाहीतर जर्दाळूचा मुरांबा. प्रत्येक पावाकडे बोट दाखवून "मीट? नो मीट?" विचारल्याशिवाय आई पुढे सरकत नसे, आणि तिथली म्हातारी काउंटरमागून तितक्याच चिकाटीने उत्तरं द्यायची. चौथ्या-पाचव्या वेळेपासून ती आईला लांबून बघूनच बिनमांसाचे बाजूला काढायला लागली. आईने तिला एकदा तिळाच्या वड्या नेऊन दिल्या. दोघींची भाषा एक नव्हती, पण वडी तोंडात टाकल्यावर म्हातारीने आईचा गालगुच्चा घेतला, तो आईने पुढे वर्षभर सगळ्यांना सांगितला.

या सगळ्यावर एका निळ्या फाइलची सावली असायची. आम्ही तिला 'कागद' म्हणायचो. बाबा पाइपिंग इंजिनियर. नोकरीच्या व्हिसावर आम्हाला घेऊन आले आणि मग ग्रीन कार्डाचा अर्ज केला. त्या अर्जाच्या फाइलला डाग लागू नये म्हणून ते कसे वागायचे ते सांगितलं तर आता कोणाला खरं वाटणार नाही. वेगमर्यादेपेक्षा दोन मैल कमीच चालवायचे, मागचे हॉर्न वाजवून दमायचे. लायब्ररीचं पुस्तक एक दिवस उशिरा गेलं तर जेवताना गप्प. मोटेलच्या फुकट नाश्त्यात ईशाने दुसरं केळं उचललं तरी बाबा हळूच म्हणायचे, "ठेव ते. उगाच कागदाला भोवेल." दोन हजार एकच्या सप्टेंबरनंतर तर त्यांचा धीर आणखीच सुटला. आम्ही हसायचो. पण आपलं घर कुठे असणार हे कुठल्याशा ऑफिसातला अनोळखी माणूस ठरवणार, ही भीती त्यांनी एकट्याने वाहिली आणि आमच्यापर्यंत फक्त तिचा विनोद पोचू दिला, हे मला फार उशिरा समजलं.

आईची आई म्हणजे माय. मी तिला पाच-सहा वेळाच भेटले असेन, पण तिचा आवाज आमच्या घरात दर रविवारी असायचा. आई फोन कार्डावरचा नंबर खरवडून लांबलचक आकडे दाबायची आणि मग ओट्याला टेकून तिच्या गावच्या बोलीत बोलायची, जी ती आमच्याशी कधीच बोलत नसे. त्या अर्ध्या तासापुरती ती कोणाची तरी मुलगी व्हायची. विषय बहुतेक खाण्याचाच. थंडीत मायच्या शेतात भरिताचा बेत असे. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजायची, त्याच जाळात मिरच्या, मग लसूण घालून सगळं लाकडाच्या भांड्यात ठेचायचं. त्या बेताचं वर्णन माय फोनवर करायची आणि इकडे आईच्या तोंडाला पाणी सुटायचं. शेवटच्या वर्षी मात्र माय प्रत्येक फोनच्या अखेरीस एकच म्हणायची, "एकदा येऊन जा गं."

माय एप्रिलात गेली. सकाळी मामाचा फोन आला, आईने उभ्या उभ्या ऐकला आणि सरळ कपाटातून बॅग काढली. बाबांनी वकिलाला फोन लावला. वकिलाचं उत्तर साधं होतं: जुन्या व्हिसाची मुदत संपली आहे आणि प्रवासाच्या परवान्याचा कागद अजून आलेला नाही. तो हातात नसताना देश सोडला तर आईचा अर्ज रद्द धरला जाईल, आणि मग परत यायला किती वर्षं लागतील ते सांगता येत नाही. बाबा फोन ठेवून आईपाशी आले. "शोभा, नाही जाता येणार," म्हणाले. बॅगेत भरलेल्या दोन साड्या आईने पुन्हा घडी घालून कपाटात ठेवल्या. मी दारात उभी होते आणि माझ्या मनात, सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा सुटकेचाच विचार आला, की आई जात नाहीये.

दहाव्या दिवशी मामाचा पुन्हा फोन आला. ज्यांच्या घरी हे करत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. दहाव्याला घाटावर पिंड ठेवतात आणि कावळ्याने त्याला शिवायची वाट बघतात. कावळा शिवला तर गेलेलं माणूस समाधानाने गेलं. नाही शिवला तर त्याचं मन कुठेतरी अडकलंय. मग घरचे हात जोडून मोठ्याने वचनं देतात, धाकट्याचं लग्न करून देऊ, शेत विकणार नाही, आणि नेमकी ती इच्छा बोलली गेली की कावळा येतो म्हणतात. मायच्या पिंडाजवळ कावळे आले, बसले, पण शिवले नाहीत. मामाने सुचतील ती सगळी वचनं देऊन पाहिली. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे घरी आले. हे मामाने आईला सांगायला नको होतं. पण तो साधा माणूस, त्याने सांगितलं. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "माझ्यासाठी थांबली आहे ती."

त्यानंतर घरात स्वयंपाक होता, पण आवाज नव्हता. आई बाबांशी सरळ बोलेनाशी झाली. "बाबांना सांग, जेवण वाढलंय." "आईला विचार, चहा मिळेल का?" सहा फुटांवर बसलेल्या दोन माणसांमध्ये मी आणि ईशा टपालखातं चालवत होतो. ऑगस्टात आईने माझ्याजवळ सांगितलं, की परवाना आला तरी आणि नाही आला तरी ती दिवाळीला जळगावला जाणार. मायच्या घरी दिवा लावणार. "आणि परत?" मी विचारलं. "येईन तेव्हा येईन," ती म्हणाली. मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "तिला सांग, एवढ्या वर्षांची मेहनत आहे." मी ते सांगितलं नाही. मला आईही हवी होती आणि शाळा, मैत्रिणी, होऊ घातलेलं ड्रायव्हिंग लायसन्सही हवं होतं. या दोन्हीतलं काहीतरी जाणार हे कळण्याइतकी मी मोठी झाले होते.

पितृपक्ष लागला. आईने मागच्या अंगणात कुंपणावर घास ठेवला. आमच्या भागात कावळे फारसे नाहीत. ग्रॅकल नावाचे काळे, लांब शेपटीचे, भांडखोर पक्षी आहेत, त्यांनी टोळीने येऊन भात खाल्ला आणि शेजाऱ्यांच्या गाडीवर घाण केली. ईशाने विचारलं, "आई, डू दीज काउंट?" आई म्हणाली, "नाही गं, हे ते नव्हेत." दोन दिवसांनी सोसायटीचं पत्र आलं की पक्ष्यांना उघड्यावर अन्न घालू नये. बाबांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि कुंपण स्वतः धुऊन काढलं. आई खिडकीतून बघत होती.

तर अशा दिवसांत बाबांनी ट्रिप काढली. त्यांना दुसरं काही येत नव्हतं. दुसऱ्या एखाद्याने बायकोची माफी मागितली असती. बाबांनी पिवळ्या कागदावर चार दिवसांत न्यू मेक्सिकोचे अकरा पॉइंट लिहिले आणि फ्रिजवर लावले. शाळेला दोन दिवस दांडी मारायची परवानगी त्या घरात पहिल्यांदा आणि शेवटची मिळाली. आईने निळं खोकं भरलं. मला वाटलं होतं ती नाही म्हणेल.

पश्चिम टेक्सास ज्यांनी गाडीने ओलांडलाय त्यांनाच त्याची लांबी कळेल. सकाळी निघालो ते दिवसभर तेच राज्य, तोच सरळ रस्ता, फक्त झाडं हळूहळू बुटकी होत जातात आणि आभाळ वाढत जातं. तेल उपसणारे पंप दोन्ही बाजूंना माना हलवत होते आणि बाबा ईशाला त्यांच्या एकेका भागाचं नाव सांगत होते. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या वाळूच्या टेकड्या पाहिल्या. डोळे दिपवणारा मिठासारखा पांढरा प्रदेश, आणि भर उन्हात वाळू पायाला गार. ईशा आणि मी टेकडीवरून लोळत खाली आलो. आईने चपला काढून हातात घेतल्या आणि एकटीच लांबवर चालत गेली. बाबा घड्याळ न बघता तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत उभे होते. पिवळ्या कागदाप्रमाणे आम्ही तिथून पाऊण तास उशिरा निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिओ ग्रँडच्या काठाने वर चाललो होतो. खिडक्या उघड्या होत्या. दोन्हीकडे मिरचीची शेतं, हिरवीगार, आणि मग एका वळणावर तो वास आला. हिरवी मिरची भाजल्याचा वास, तोही घरात तव्यावर चार मिरच्या टाकल्यावर येतो तेवढा नाही, गावभर पसरलेला. ईशाला ठसका लागला. आईने मागच्या सीटवरून पुढे वाकून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "थांबवा," ती म्हणाली. "अहो, गाडी थांबवा." पाच महिन्यांनी ती त्यांच्याशी सरळ बोलत होती. बाबांनी इंडिकेटर न देता गाडी बाजूला घेतली.

रस्त्याकडेला पत्र्याचं छप्पर होतं. खाली जाळीचं मोठं पिंप आडवं ठेवलेलं, त्याला गॅसची ज्योत लावलेली, आणि एक साठीची बाई हातात जाड मोजे घालून ते पिंप फिरवत होती. आत मिरच्या तडतडत होत्या, काळ्या पडत होत्या, त्यांची सालं ठिणग्यांसारखी उडत होती. आई जाऊन त्या धुरातच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. बाईने पिंप थांबवलं, आईकडे पाहिलं आणि मला विचारलं, "युअर मामा ओके?" मी म्हटलं, तिची आई गेली, ती अशाच मिरच्या भाजायची. बाईने मोजे काढले, आईला बसायला उलटी बादली दिली आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाली. आईने मान हलवली. मग आईने मला सांगितलं, "विचार तिला, वांगी आहेत का." बाईच्या परसात चार होती, जांभळी, लांबट. ती तिने स्वतः खुडून आणली आणि मिरच्यांबरोबर पिंपात टाकली. असं वांगं भाजताना तिने कधी पाहिलं नव्हतं बहुतेक, पण कुतूहलाने जोर लावून फिरवत होती. निघताना आईने तिला दाण्याच्या चटणीची सगळी बरणीच देऊन टाकली.

पुढे तळ्याकाठी एक सरकारी उद्यान होतं. उघड्या माळावर सिमेंटची टेबलं, प्रत्येकावर पत्र्याची सावली. यादीप्रमाणे इथे जेवण आणि साडेबाराला प्रस्थान, कारण संध्याकाळी गुहेतून लाखो वटवाघळं बाहेर पडतात तो पॉइंट लांब होता. आईने वांग्यांची सालं काढली. ठेचायला काही नव्हतं, म्हणून स्टीलच्या डब्यात मिरच्या, लसूण, मीठ आणि वांगी घालून पितळी पेल्याच्या बुडाने ठेचायला लागली. तिचा हात इतका जोरात चालत होता की टेबल घुमत होतं. कचऱ्याच्या पिंपाजवळच्या खांबावर दोन पक्षी येऊन बसले. बाबांनी मान वर केली. "डोमकावळे," ते म्हणाले. आईचा हात थांबला. काळेभोर, जाड चोचीचे, आपल्या कावळ्याच्या दीडपट. तिने कागदी ताटलीत शिळी भाकरी मोडली, वर भरीत घातलं, बाजूला एक अख्खी भाजलेली मिरची ठेवली, आणि ताटली घेऊन माळावरच्या एका सपाट दगडाकडे निघाली.

दगडाच्या बाजूलाच पाटी होती: वन्य पशुपक्ष्यांना खायला घालू नका, दंड होईल. बाबा धावत गेले. "शोभा, पाटी बघ. इथे नको. हे सरकारी आहे. आपले कागद..."

"कागद!" आई वळली. मी तिला इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "कागदापायी मी माझ्या मायला शेवटचं पाहिलं नाही. तिकडे कावळा बसून राहिला, शिवला नाही. तुमच्या इंजिनियरिंगमध्ये हे बसत नाही, मला माहीत आहे. पण ती अडकलीये. माझ्यात अडकलीये. मी जाणार दिवाळीला, तुम्ही काय करायचं ते करा. पण हा घास मी इथे ठेवणार." आणि तिने ताटली दगडावर ठेवली.

बाबा तिथेच उभे राहिले. मला वाटलं ते ताटली उचलतील. त्यांनी पाटीकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं आणि मग खाली मातीत बसले. आम्ही चौघंही बसलो. डोमकावळे खांबावरून बघत होते. एक उडाला, आमच्यावरून घिरटी घालून पुन्हा तिथेच बसला. साडेबारा वाजले, एक वाजला. वटवाघळांचा पॉइंट गेला हे बाबांनीही बोलून दाखवलं नाही. ईशाने माझ्या कानात विचारलं, "व्हॉट डज माय वॉन्ट?" मी म्हटलं, मला माहीत नाही. पण मला माहीत होतं. आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं, आणि ते ज्याने बोलायचं होतं तो माणूस मातीत बोटाने रेघा ओढत होता.

मग उद्यानाची पांढरी गाडी आली. उतरलेला रेंजर उंच, उन्हाने रापलेला, टोपी नीट बसवलेला. त्याने टोपीला हात लावून नमस्कार केला, पाटीकडे बोट दाखवलं आणि सभ्यपणे सांगितलं, की ते अन्न उचलावं लागेल, नाहीतर त्याला लिहावं लागेल. आई उठली नाही. बाबा उठले. पँटला लागलेली माती झटकली, खिशातून लायसन्स काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. "राइट इट, सर," ते म्हणाले. दोन मैल कमी वेगाने गाडी चालवणारा माझा बाप स्वतःहून आपलं नाव लिहून घ्यायला सांगत होता. रेंजरने विचारलं, "फॉर बर्ड्स?" बाबा म्हणाले, "फॉर माय मदर-इन-लॉ. शी इज डेड. वी आर लेट." एवढंच. मग म्हणाले, लिहून झालं की मी उचलतो, तेवढ्या वेळापुरतं राहू द्या. रेंजरने आईकडे पाहिलं, दगडाकडे पाहिलं. मग गाडीच्या बॉनेटवर पुस्तक ठेवून लिहायला लागला. गाडीचा नंबर, पत्ता, पिनकोड, रंग. इतकं सावकाश लिहिणारा सरकारी माणूस मी नंतर कधी पाहिला नाही. तो कागद म्हणजे नुसती लेखी ताकीद होती, तिचं पुढे काहीही झालं नाही. पण त्या वेळी बाबांना ते माहीत नव्हतं.

बाबांनी बूट काढले. दगडासमोर जाऊन हात जोडले आणि खांबावरच्या त्या दोन पक्ष्यांना, मोठ्याने, जसं दहाव्याला घाटावर बोलतात तसं म्हणाले, "माय, मामांनी दिलेली वचनं चुकीची होती. तुमची लेक मी अडवली. तिने बॅग भरली होती, मी रिकामी करायला लावली. मी घाबरलो. आता हिला मी स्वतः विमानात बसवतो, परवाना असो नसो. आणि हिला परत येता आलं नाही तर दोन्ही पोरींना घेऊन मी तिकडे येईन. नोकरी काय, भुसावळलाही मिळेल." मी ऐकत होते. त्या वाक्यात माझी शाळा, माझ्या मैत्रिणी, सगळंच जात होतं, आणि तरी मला बाबांचा असा अभिमान वाटला की मी उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

डोमकावळे आले नाहीत. मला हे गोड करून सांगता आलं असतं, पण नाही आले. एकाने पिसं साफ केली, दुसऱ्याने तळ्याकडे तोंड फिरवलं. रेंजरचं लिहून झालं. त्याने कागद फाडून दिला, "टेक केअर, फोक्स," म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. पण गाडी सुरू केली नाही. बाबांनी शब्द दिला होता, त्यामुळे त्यांनी जाऊन ताटली उचलली. तिचं काय करायचं ते त्यांना कळेना. कचऱ्यात टाकवेना.

"टाकू नका," आई म्हणाली. ती कधी उठून मागे आली मला कळलंच नाही. "खा ते तुम्ही."

"अगं, हा कावळ्याचा घास..."

"खा म्हणते ना. वचन तुम्ही दिलंत." तिने स्वतः भाकरीचा तुकडा भरिताला लावून त्यांच्या तोंडाशी नेला. आमच्या घरात असलं कोणी कधी कोणासमोर करत नसे. बाबांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. दगडाशी उभं राहून त्यांनी ती ताटली पूर्ण संपवली, मिरचीसकट, आणि आई ते खाताना बघत राहिली. मग ती टेबलाकडे वळली आणि आम्हाला वाढायला लागली. पाच महिन्यांत पहिल्यांदा तिने स्वतःसाठी दुसरी भाकरी घेतली. मी पुढे कितीतरी देशांत, कितीतरी लोकांच्या टेबलावर जेवले आहे, पण कुठे काय उत्तम खाल्लंस असं कोणी विचारलं की मला त्या माळावरचं, पेल्याने ठेचलेलं, साल नीट न निघालेलं भरीत आठवतं.

निघायला तीन वाजून गेले. आई पुढच्या सीटवर बसली. बाबांनी गाडी सुरू केली, पण गिअर टाकला नाही. समोर बघतच म्हणाले, "तिकीट मग दिवाळीच्या आधीचं बघू? घरी पोचल्या पोचल्या काढतो."

आईने सीटबेल्ट लावला. "परवाना आल्यावर काढा," ती म्हणाली. "मायला आता घाई नाही."